झोपेतला श्वास आणि नोकरीची धास्ती

मनमाड, इटारसी, वाडी, बिलासपूर, कुठल्याही रनिंग रूममध्ये रात्री दोनच्या सुमारास कान द्या. एक तरी गडी असा असतोच की ज्याच्या घोरण्याने शेजारच्या कॉटवरच्यांची झोप उडते. आर.एम.एस.च्या विश्रांतिगृहातही हाच प्रकार. सकाळी त्याची यथेच्छ चेष्टा होते, तोही हसतो, आणि विषय संपतो. घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो असा आपला सर्वांचा समज आहे. हा समज अनेकदा चुकीचा असतो, आणि आपल्या खात्यांत तो महागात पडू शकतो.

काही घोरणाऱ्यांच्या बाबतीत नीट लक्ष दिले तर ध्यानात येते की घोरणे मध्येच एकदम थांबते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ श्वासच चालत नाही. मग मोठा आचका बसतो, माणूस कुशीवर वळतो आणि पुन्हा घोरू लागतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू खाली येतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि माणूस क्षणभर जागा होतो. हे जागे होणे त्याला सकाळी आठवत नाही. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला असे पाचपेक्षा कमी अडथळे असतील तर डॉक्टर काळजी करत नाहीत. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम, आणि तिसाच्या पुढे गंभीर. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी कोणीतरी आपल्याला हलवून उठवते आहे, असे समजा. असा माणूस आठ तास पडून राहिला तरी त्याची झोप झालेली नसते.

दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी देशभरातील जुने अभ्यास एकत्र करून २०२३ साली जो अंदाज मांडला, त्यानुसार भारतातील सुमारे ११ टक्के प्रौढांना हा आजार आहे, आणि पुरुषांत हे प्रमाण १३ टक्के आहे. म्हणजे शंभर जणांच्या डेपोत दहाबारा माणसे. त्यांतील बहुतेकांना आपल्याला काही झाले आहे याचा पत्ताही नाही. आजार फक्त लठ्ठ माणसांनाच होतो असेही नाही. जबडा लहान, मान आखूड, टॉन्सिल मोठे अशा सडपातळ माणसालाही तो गाठतो. भगिनींनीही हा पुरुषांचा आजार म्हणून सोडून देऊ नये. पाळी थांबण्याच्या वयानंतर स्त्रियांत त्याचे प्रमाण वाढते, आणि त्यांच्यात घोरण्यापेक्षा थकवा, तुटक झोप, सकाळची डोकेदुखी अशा रूपात तो दिसतो. म्हणून तो 'अशक्तपणा' या नावाखाली खपून जातो.

चूक एकाची, कारणे अनेक

आपल्या कामात पेंग ही खाजगी बाब राहत नाही. लोको पायलटला सिग्नल पाहायचा असतो, पॉइंट्समनला काटा आणि गेटमनला फाटक सांभाळायचे असते, मेल मोटारीच्या ड्रायव्हरला रात्रीच्या रस्त्यावर गाडी हाकायची असते. टपालाच्या काउंटरवर हिशेबात तूट आली तर भरपाई कारकुनाच्या खिशातून होते. सॉर्टिंगमध्ये एक बॅग चुकीच्या गाडीला लागली तर मेमो ठरलेला. या चुका 'निष्काळजीपणा' म्हणून नोंदल्या जातात. आदल्या दिवशी त्या माणसाची झोप झाली होती का, हे विचारण्यासाठी त्या फॉर्मवर रकाना नसतो.

अमेरिकेतले एक उदाहरण सर्व रेल्वे कामगारांनी माहीत करून घ्यावे असे आहे. १ डिसेंबर २०१३ रोजी सकाळी न्यूयॉर्कमध्ये मेट्रो-नॉर्थ रेल्वेची एक प्रवासी गाडी स्पायटन डायव्हिल येथील वळणावर रुळावरून घसरली. वळणावर वेगमर्यादा ताशी सुमारे ४८ किलोमीटर होती, गाडी सुमारे १३२ च्या वेगाने आली. चार प्रवासी दगावले, साठाहून अधिक जखमी झाले. ड्रायव्हर दारू प्यायलेला नव्हता, मोबाईलवर बोलत नव्हता. तो झोपी गेला होता. अपघातानंतर तपासणी झाली तेव्हा त्याला गंभीर स्लीप ॲप्निया असल्याचे उघड झाले. तोवर कोणीही तो शोधला नव्हता.

तिथल्या सरकारी अपघात चौकशी मंडळाने जो निष्कर्ष काढला तो आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे. मंडळ ड्रायव्हरला झोप लागली एवढ्यावर थांबले नाही. ड्यूटीच्या बदललेल्या वेळेमुळे, म्हणजे दुपार-संध्याकाळची पाळी जाऊन थोड्याच दिवसांपूर्वी पहाटेची पाळी लागल्यामुळे त्याच्या आजारात भर पडली, असे मंडळाने नोंदवले. झोपेच्या आजाराची तपासणी करण्याचे धोरण रेल्वेकडे नव्हते आणि सरकारी नियमही नव्हता, हेही कारण म्हणून लिहिले. वळणावर गाडी आपोआप रोखणारी यंत्रणा नव्हती, हेही लिहिले. २९ सप्टेंबर २०१६ ला होबोकेन येथे आणि ४ जानेवारी २०१७ ला ब्रुकलिन येथे गाड्या शेवटच्या स्थानकात थांबण्याऐवजी बफरवर आदळल्या. होबोकेनला फलाटावरील एक महिला मृत्युमुखी पडली. या दोन्ही गाड्यांच्या ड्रायव्हरांनाही न ओळखलेला ॲप्निया होता. आणि तरीही, रेल्वे आणि ट्रक चालकांच्या तपासणीचा नियम करण्यासाठी मार्च २०१६ मध्ये तिथल्या सरकारने उचललेले पाऊल ऑगस्ट २०१७ मध्ये मागे घेण्यात आले. म्हणजे कामगारांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत टाळाटाळ ही केवळ आपल्याकडची मिरासदारी नाही.

मशीन म्हणजे काय

या आजारावरचा सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे सी-पॅप नावाचे मशीन. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८० साली प्रथम वापरले आणि १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याआधी गंभीर रोग्याच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देणे एवढाच खात्रीचा इलाज होता. सलिव्हन यांची कल्पना साधी होती. व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीच्या मोटरने हवा नाकात हलक्या दाबाने सोडायची. घसा मिटायला जातो, पण आतली हवा त्याला मिटू देत नाही. पावसात छत्रीच्या काड्या कापड ताणून धरतात, तसेच काहीसे.

आजची मशीन डब्याएवढी असतात. ती खोलीतलीच हवा ओढतात, गाळतात आणि नळीतून मास्कमध्ये सोडतात. यात ऑक्सिजनचा सिलिंडर नाही, औषध नाही, व्यसन लागण्यासारखे काही नाही. 'एकदा लावले की फुप्फुसे आळशी होतात' ही निव्वळ अफवा आहे. चष्मा लावून डोळे बिघडत नाहीत, तसेच हे. मात्र चष्म्यासारखेच हेही लावले तेवढाच वेळ उपयोगी. काढून ठेवले की काही रात्रींतच आजार पूर्वपदावर येतो.

सवय लागते, पण लावावी लागते

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. तपासणी होते, मशीन घरी येते, आणि महिन्याभरात ते कपाटावर जाते. असे झालेली माणसे आपल्या प्रत्येक डिव्हिजनमध्ये सापडतील. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण तोंडावर मास्क, डोक्याभोवती पट्टे आणि नाकात शिरणारे वारे, अशा अवस्थेत पहिल्या रात्री कोणाला झोप येईल? घुसमटल्यासारखे होणे, नाक चोंदणे, घशाला कोरड पडणे, मास्कच्या कडेने हवा सुटून डोळ्यांत जाणे, पोटात हवा भरणे, गालावर वळ उठणे या सर्व तक्रारी खऱ्या आहेत. मात्र त्यांतील जवळपास प्रत्येकीवर उपाय आहे, आणि तो सांगणारा माणूस पहिल्या आठवड्यातच भेटला पाहिजे. पहिल्या आठवड्यात जो रुळला तो पुढे बहुधा टिकतो, आणि त्याच आठवड्यात जो कंटाळला त्याला परत आणणे कठीण जाते.

म्हणून सुरुवात रात्री करू नये. दिवसा जागेपणी करावी. पहिले दोन दिवस मशीन न लावता नुसता मास्क तोंडावर धरावा. मग मशीन चालू करून खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचावे, रेडिओ ऐकावा, टीव्ही पाहावा. वीस मिनिटे, मग अर्धा तास, मग तास. मेंदूला एकदा कळले की हे वारे गळा दाबत नाही, की निम्मी लढाई जिंकली. नंतर दुपारच्या डुलकीला, आणि मग मुख्य झोपेला. दाब सुरुवातीला कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, ती चालू करून घ्यावी. उच्छ्वास टाकताना दाब कमी करणारी सोयही काही मशीनमध्ये असते.

मास्कच्या बाबतीत संकोच करू नये. नाकपुड्यांना लागणारा, नाकावर बसणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे तीन मुख्य प्रकार आहेत. बूट जसे माप पाहून घेतो तसा मास्क झोपून, मशीन चालू ठेवून, कुशीवर वळून पाहूनच घ्यावा. हवा सुटते म्हणून पट्टे करकचून आवळू नयेत. त्याने वळ उठतात आणि गळती बऱ्याचदा वाढते. मिशीवाल्यांना आणि दाढीवाल्यांना नाकपुडीचा मास्क बहुधा जमतो. तोंड उघडे राहून कोरड पडत असेल तर तोंड झाकणारा मास्क किंवा हवा दमट करणारी पाण्याची टाकी उपयोगी पडते. त्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे आणि रोज बदलावे. मास्क रोज साध्या साबणाच्या पाण्याने धुवावा, नळी आठवड्यातून एकदा. फिल्टरकडे विशेष लक्ष हवे. यार्डाजवळच्या, कोळसा साइडिंगजवळच्या क्वार्टरांत तो किती लवकर काळा होतो हे सांगायला नको. नाक कायम चोंदत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. दाब स्वतःच्या मनाने बदलू नये.

जुने मशीन स्वस्तात मिळते म्हणून घेताना सावध राहावे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतील आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या भीतीने जगभरातून लाखो मशीन परत बोलावली होती. जुने मशीन कोणत्या मालिकेतले आहे हे पाहिल्याशिवाय नाकाला लावू नये.

मशीन रात्रीचे नव्हे, झोपेचे

माहितीपुस्तिकांत सर्वत्र 'रात्री मशीन लावा' असे लिहिलेले असते. ते लिहिणाऱ्याने कधी लिंक पाहिलेली नसावी. आपल्यापैकी कितीतरी जणांची झोप सकाळी नऊ ते दुपारी तीन, किंवा रनिंग रूममध्ये तुकड्या-तुकड्यांनी होते. नियम सरळ आहे: जिथे डोळा लागेल तिथे मशीन लागले पाहिजे. घरी रात्री लावले आणि बाहेरगावच्या विश्रांतीत लावले नाही, तर नेमक्या परतीच्या गाडीवर माणूस बिनझोपेचा चढतो.

इथेच कामगाराची जबाबदारी संपते आणि प्रशासनाची सुरू होते. रनिंग रूममध्ये प्रत्येक कॉटशेजारी चालू प्लग आहे का? वीज गेली तर मशीनला पुरेल असा बॅकअप आहे का? मशीन ठेवायला आणि मास्क धुवायला स्वच्छ जागा आहे का? आर.एम.एस.च्या विश्रांतिगृहात आहे का? ट्रॉली-बॅगेत डबा, वह्या, दिवे आणि आता हे दीड-दोन किलोचे ओझे घेऊन माणूस येतो, आणि प्लग भिंतीच्या दुसऱ्या टोकाला निघतो. मग मशीन बॅगेतच राहते. प्रवासात डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवरही भिस्त ठेवता येत नाही. आगीच्या भीतीने अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ ते बंद ठेवण्याची पद्धत २०२१ पासून आहे. ज्यांना वारंवार प्रवास पडतो त्यांनी डॉक्टरांना विचारून बॅटरीची सोय पाहावी.

मशीन कशाला पुरे पडत नाही

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हाच विषय उद्या आपल्यावर उलटवला जाईल. मशीन आजारावर आहे, रोस्टरवर नाही. सलग रात्रपाळ्या, अपुरी साप्ताहिक विश्रांती, रिक्त जागांमुळे वाढलेले तास यांनी येणारा थकवा जगातले कोणतेही मशीन काढू शकत नाही. सलग दोनपेक्षा जास्त रात्री ड्यूटी नको, ही लोको पायलटांची मागणी आहे. ती ॲप्निया असलेल्यांसाठी जेवढी योग्य आहे तेवढीच नसलेल्यांसाठीही. लाल सिग्नल ओलांडला की 'याला घोरण्याचा आजार होता' असे लिहून फाइल बंद करण्याचा मोह प्रशासनाला होईल. न्यूयॉर्कच्या चौकशी मंडळाने पाळीच्या बदलाचाही उल्लेख केला, याची आठवण तेव्हा करून द्यावी लागेल.

मशीनबद्दल अवास्तव आशाही दाखवू नये. भारतासह सात देशांतील २७०० वर हृदयरोगी व पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मशीनमुळे पुढचे झटके कमी झाले असे त्यात दिसले नाही. पण घोरणे आणि दिवसाची पेंग कमी झाली, मन सुधारले. या लोकांनी मशीन सरासरी रात्री ३.३ तासच वापरले होते, हेही लक्षात घ्यावे. डॉक्टरांत प्रचलित असलेला किमान मापदंड म्हणजे दहापैकी सात रात्री निदान चार तास. पेंग घालवणे हा आपला पहिला हेतू आहे आणि तो मशीनने साधतो. रक्तदाब, मधुमेह यांची औषधे चालूच ठेवावी लागतात. वजन दहा टक्क्यांनी उतरले तर अडथळे सुमारे पाव हिश्शाने कमी होतात, म्हणून तेही करावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात, त्या टाळाव्यात.

खरी भीती

आता मुद्द्याचे. हा आजार लपवला जातो तो अज्ञानामुळे, तसाच भीतीमुळेही. पी.एम.ई.च्या वेळी डॉक्टरांनी 'घोरता का?' असे विचारले तर 'नाही साहेब' हेच उत्तर येणार. खरे सांगितले तर सिकमध्ये टाकतील, माइलेज बुडेल, ए-वन कॅटेगरी जाईल, मुलांच्या शिक्षणाचे आणि क्वार्टरचे काय, असे गणित त्याच्या डोक्यात एका क्षणात होते. त्याच्या जागी कोणीही असता तरी हेच म्हणाला असता. भीती दाखवून घेतलेली तपासणी म्हणजे आजार लपवण्याचे शिक्षण आहे.

वास्तविक ॲप्निया हा आटोक्यात राहणारा आजार आहे. ब्रिटनमध्ये ट्रक आणि बस चालकाला हा आजार निघाला तर लक्षणे आटोक्यात येईपर्यंत त्याला गाडीवरून उतरवतात, आणि डॉक्टरांची खात्री झाली की पुन्हा चढू देतात. पुढे नियमित तपासणी चालू राहते. अमेरिकेतील एका मोठ्या ट्रक कंपनीने चालकांची तपासणी करून कंपनीच्या आरोग्य योजनेतून मशीन दिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मशीन न वापरणाऱ्या चालकांच्या टाळता येण्याजोग्या गंभीर अपघातांचे प्रमाण निरोगी चालकांच्या पाचपट निघाले. मशीन वापरणारे मात्र निरोग्यांच्या बरोबरीला आले. याहून मोठे प्रशस्तिपत्र काय हवे?

आपल्या कायद्याने नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढून टाकण्यास किंवा पदावनत करण्यास १९९५ च्या कायद्याच्या कलम ४७ ने बंदी केली आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम २० ने ती कायम ठेवली. त्या कायद्याच्या परिशिष्टात ॲप्निया नाही. पण हातपाय गमावलेल्या कामगाराला जे तत्त्व संरक्षण देते, ते उपचाराने पूर्ववत होणाऱ्या कामगाराला नाकारणे कोणत्या न्यायात बसते?

म्हणून आपल्या संघटनांनी पी.एन.एम. आणि जे.सी.एम.च्या बैठकांत पुढील मागण्या लेखी मांडाव्यात, असे माझे मत आहे.

१. सुरक्षिततेशी संबंधित सर्व कर्मचाऱ्यांची झोपेची तपासणी खात्याच्या खर्चाने व ड्यूटी धरून व्हावी. घरी करता येणारी तपासणीही मान्य करावी.

२. आजार निघाल्यापासून मशीनची सवय लागेपर्यंतचा काळ आजारपणाच्या रजेत कापू नये. रनिंग स्टाफच्या सरासरी माइलेजला संरक्षण द्यावे.

३. मशीनवर आजार आटोक्यात आहे असे दिसले की मूळ कामावर परत घेण्याचा नियम स्पष्ट, लेखी आणि सर्व झोनमध्ये एकसारखा असावा.

४. मशीनबरोबर मास्क, नळी आणि फिल्टर वेळोवेळी मिळावेत. केंद्र सरकारी आरोग्य योजनेत सी-पॅपची प्रतिपूर्ती ठरवून दिलेल्या मर्यादेत होते, पण मास्क झिजल्यावर पुन्हा अर्ज करून थकण्याची वेळ येऊ नये. ग्रामीण डाक सेवकांना तर या योजनेचा आधारच नाही, आणि पंचवीस-तीस हजारांच्या पुढचे मशीन त्यांनी कोठून घ्यावे? त्यांच्यासाठी वेगळी तरतूद हवी.

५. मशीन दररोजच्या वापराची नोंद ठेवते. ही नोंद डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातच राहावी. चार्जशीटला जोडण्यासाठी ती कार्मिक शाखेच्या हाती जाऊ नये.

६. रनिंग रूम आणि विश्रांतिगृहे मशीनयोग्य करावीत.

मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने गेट मीटिंगमध्ये दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. जो सहकारी दोन वर्षे मशीन वापरतो आहे त्याने नव्या माणसाच्या घरी जाऊन मास्क बसवून दाखवावा. डॉक्टरांच्या पाच मिनिटांपेक्षा त्याचा अर्धा तास जास्त कामाचा. घरच्या माणसांशी बोलावे, कारण झोपेत श्वास अडकतो हे पहिल्यांदा त्यांनाच दिसते, आणि मास्क लावलेल्या बापाला पाहून मुले घाबरली तर त्यांना समजावणेही त्यांच्याच हाती. आणि रनिंग रूममध्ये कोणी डबा उघडून नळी जोडू लागला तर त्याची थट्टा करू नये. त्याला प्लगजवळची कॉट द्यावी. पहाटे आपण ज्या गाडीत बसणार आहोत ती कदाचित तोच चालवणार आहे.